गाळलेलं कडवं

कचरा डेपोविरुद्ध कांजूरमार्गला आम्ही सभा घेतो, तिथे एक काका गातात. गाणी स्वतःच रचतात. आधी चहावाल्याच्या स्टोव्हवर डफ तापवायचा, मग नाक वर करून हवेचा वास घ्यायचा. वास जास्त असला की म्हणतात, "आज जोरात गावक व्हया गो, बाय." माईकला कधी हात लावत नाहीत.

कचऱ्याच्या डोंगरावरचं त्यांचं गाणं वस्तीतल्या सगळ्यांना पाठ आहे. परवा मुलुंडच्या एका एसी सभागृहात लोकगीतांचा कार्यक्रम होता, म्हणून मी त्यांना घेऊन गेले. तिथे रेशमी झब्ब्यातला गायक नेमकं तेच गाणं गायला उभा राहिला. निवेदिका म्हणाली, "पारंपरिक गीत, कवी अज्ञात."

माझं डोकंच फिरलं. अज्ञात? माणूस माझ्या शेजारी बसलाय! मी उठणार, तेवढ्यात काकांनी माझा हात धरला. "नाव नको गो माका."

पण गाणं संपलं आणि काकाच उठले. दुर्गंधीने रात्रभर खोकणाऱ्या पोरांचं कडवं गायकाने सरळ गाळलं होतं. "वास खंय गेलो?" असं विचारून काकांनी ते कडवं खड्या आवाजात म्हटलं.

आयोजक धावत आला. "काका, प्लीज! हे मूळ गाण्यात नाहीये."

कोण सांगतंय, आणि कुणाला!

काका शांतपणे म्हणाले, "मूळ कांजूरक आसा. चला, दाखवतंय."

एकही खुर्ची हलली नाही. मग काकांनी तेच कडवं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.