स्टँडमागची सात मजली

हे किस्से इतके साठलेत की कुठला आधी घडला, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. कदाचित दोन बैठकींची सरमिसळही होईल. मात्र त्या मंडळींत सर्वांत शिकलेला मी होतो आणि सर्वांत निरुपयोगीही मीच, एवढं नक्की आठवतं.

रत्नागिरीत आमची निवृत्तांची गृहनिर्माण संस्था होती. एसटी स्टँडच्या मागे तिचा प्लॉट. बेत असा, की तिथे सात मजली इमारत बांधायची आणि गावाबाहेर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, लांबलांब बंगले बांधून बसलेल्या आम्हा म्हाताऱ्यांनी गावात राहायला यायचं. शहर आडवं पसरू नये, स्टँड-स्टेशनाजवळ उभं वाढावं, यावर माझी पीएच.डी. आहे. राहतो मात्र सड्यावर, आठ किलोमीटर लांब, बंगल्यात!

*

पहिल्या बैठकीत मी नकाशा उलगडला. अध्यक्ष बापूसाहेबांनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला.

"सर, यात गडगा कुठाय?"

"फ्लॅटला कुंपणाचा गडगा नसतो, बापूसाहेब. दोन घरांत एकच भिंत."

"मग शेजाऱ्याशी भांडायचं कशावरून?"

या मुद्द्यावर इमारत तीन महिने अडली.

*

स्टँड दाराशी असला की स्वतःची गाडी लागतच नाही, हे मी तासभर आकृत्या काढून समजावलं. सेक्रेटरी भाटकर भारावून उठले.

"पटलं, सर! एकदम पटलं! फक्त पार्किंग माणशी दोन ठेवा. गणपतीत मुलगा येतो ना मुंबईहून."

"गणपतीत सगळ्यांचेच मुलगे येतात."

"म्हणूनच तर दोन!"

*

नलूताई म्हणजे निवृत्त नर्स. सड्यावर एकट्या, गुडघे गेलेले, रिक्षावाले तिकडे यायला नाखूश. दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट त्यांनी नकाशावर बोट ठेवून धरूनच ठेवला होता.

"सातव्या मजल्यावर फणस चढवायचा कसा?" बापूसाहेबांनी विचारलं.

"लिफ्टने," मी म्हटलं.

"आणि वीज गेली तर?"

"तर थांबा खाली," नलूताई म्हणाल्या, "तुम्ही आणि फणस!"

*

एकदा बापूसाहेब सड्यावरच्या शांततेवर सुंदर बोलले. वारा, पाखरं वगैरे.

"शांतता आहे खरी," नलूताई म्हणाल्या. "परवा मी मोरीत पडले. दोन तास हाका मारल्या. काय ती शांतता!"

मग बापूसाहेबांनी चहा मागवला.

*

मतदान गावातल्या शाळेत होतं. जो हजर, त्याचंच मत. मतं समसमान पडली आणि समसमान म्हणजे नामंजूर! नलूताई आल्याच नव्हत्या.

"फिरल्या ताई," भाटकर म्हणाले. "शेवटी बंगला सोडवेना."

मीही मान डोलावली. आज सड्यावर आणखी बंगले आहेत. स्टँडमागच्या प्लॉटवर पार्किंग आहे.

तरी शंका जाईना. बऱ्याच वर्षांनी नलूताईंच्या लेकीकडे, चिपळूणला, त्यांची भेट झाली. धीर करून विचारलं, "त्या दिवशी आला का नाहीत?"

"अहो, थांब्यावर पोचेस्तोवर एसटी गेली. पुढची दीड तासाने. मग राहिले रस्त्याला उभी. तुम्ही सगळे मीटिंगलाच निघालेलात ना! सहा गाड्या गेल्या. एकेकीत एकेक माणूस. चौथी तुमची. मी हात दाखवला."

"मग?"

"तुम्हीही दाखवलात!"