निकाल राहू द्या

"निकाल राहू द्या. आधी झालं काय ते सांगा."

गिऱ्हाईक कुणाची तक्रार घेऊन आलं की अण्णा हातातला कापड मोजायचा गज बाजूला ठेवायचे, डोळे मिटायचे आणि एवढंच म्हणायचे. सून उलट बोलली असेल, भावानं बांध कोरला असेल. सांगणारा सांगत राहायचा, अण्णा ऐकत राहायचे. पुष्कळदा तो माणूस शेवटी आपोआप गप्प व्हायचा आणि कापड न घेताच निघून जायचा. तुम्हीही असा एखादा दुकानदार पाहिला असेल, ज्याच्याकडे लोक खरेदीला कमी आणि बसायला जास्त जातात.

माकणीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायला आलो तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. कपाळावर विभूती, घरात कानडी, दुकानात मराठी. माझ्यासारख्या सगळ्याच धाकट्यांना ते "तम्मा" म्हणायचे. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. दुपारी धरणावरून वारा आला की दुकानात टांगलेली लुगडी हलायची आणि पांढऱ्या गादीवर रंगीत सावल्या फिरायच्या. त्या सगळ्या दुपारी आता मला एकच लांबलचक दुपार असल्यासारख्या आठवतात.

त्यांच्याकडे मनोविश्लेषणावरचं एक जुनं मराठी पुस्तक होतं. सोलापूरच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं, पुठ्ठा आणि पहिली पानं गेलेली. ते कुणी लिहिलं हे अण्णांना कधी कळलं नाही आणि त्यावाचून त्यांचं अडलंही नाही. ते वाचल्यापासून त्यांना लोकांच्या स्वप्नांचा नाद लागला. खणाचा तुकडा फाडता फाडता ते विचारायचे, "काल काय पडलं सपनात, अक्का?"

"म्हैस बोलत हुती ओ अण्णा."

"काय म्हणली?"

"म्हणली, मला परत तिकडं धाडू नगा."

"म्हैस म्हणली व्हय?"

एवढं विचारून ते फाडलेला तुकडा घडी करायला घ्यायचे. बाई मात्र हसता हसता थांबलेली असायची.

जत्रेत दरवर्षी आम्ही एकच नाटक करायचो. गावातल्याच एका शिक्षकांनी फार पूर्वी वहीत लिहून ठेवलेलं. थोरला भाऊ धाकट्याला विहिरीत ढकलतो. आळ सालगड्यावर येतो. तिसऱ्या अंकात थोरला स्वतःच्या पायांनी कोर्टात येतो, सगळं कबूल करतो आणि फाशी मागतो. न्यायाधीश शिक्षा वाचतात, पडदा पडतो, टाळ्या. न्यायाधीश मी असायचो, कारण मला चष्मा होता. अण्णा पडद्याआड वही धरून बसायचे आणि विसरलेली वाक्यं सांगायचे.

एका वर्षी तालमीत त्यांनी वही मिटली.

"यानं धाकट्याला का मारलं, तम्मा?"

"जमिनीसाठी."

"जमीन वाटून मिळणारच हुती की. आन् हे बघ, खून हाय दुसऱ्या अंकात. ह्यो थोरला पहिल्या अंकापासनं आईला इचारतोय, 'तू माझ्यावर रागावलीस का?' तीनदा. म्या मोजलंय. तवर तर यानं कायबी केलं न्हवतं. मग कशाबद्दल इचारतोय?"

मी वही मागून घेतली आणि पहिला अंक चाळला. तीनदाच होतं.

"गुन्हा मागनं घडला," अण्णा हळू म्हणाले. "गुन्हेगार तो आधीपासनं हुता. शिक्षा पायजे हुती त्याला, पण शिक्षेला कारण सापडत न्हवतं. म्हणून हे केलं."

त्या वर्षी त्यांनी माझं शेवटचं वाक्य काढून टाकलं. थोरला फाशी मागेल, न्यायाधीश फक्त त्याच्याकडे बघत बसेल आणि पडदा पडेल. "मागतोय ती शिक्षा देऊन मोकळा करायचा न्हाय. ऐकून घ्यायचं."

जत्रेत मी तसाच बघत बसलो. मांडवात चुळबुळ सुरू झाली. पुढच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "द्या की फाशी साहेब! आमाला जनावरं बांधायचीत!" हशा पिकला. नंतर जत्रा समितीचे पुढारी तणतणत आत आले.

"अण्णा, खुनी सुटला म्हणायचा का मग?"

"सुटला कुठं? बसलाय की तिथंच."

पुढच्या वर्षी समितीनं शिक्षा परत घातली. अण्णा तरीही वही धरून बसले. माझं वाक्य आलं की ते तेवढ्यापुरते डोळे मिटून घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. मी शाळा सुटल्यावर जाऊन बसायचो. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. ते आढ्याकडे बघत होते आणि मधेच बोलू लागले, झोपेत बोलावं तसे.

"मी सहा वर्षांचा हुतो. आमचा तम्मा दोनचा. ताप हुता त्याला. आई आठ दिस त्यालाच मांडीवर घेऊन. त्या दिवशी पाण्याला गेली आन् पंखा माझ्या हातात दिला. वारा घाल म्हणली." ते थांबले. "मी घालायचा थांबलो. हात दुखत न्हवता. मुद्दाम थांबलो. त्याच्याकडं बघत बसलो. आन् मग..."

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला ते सहन झालं नाही.

"अण्णा, सहा वर्षांचं पोर तुम्ही. पंख्यानं काय होणार होतं? तुमची काहीच चूक नव्हती."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. थोडं हसले.

"दिलास निकाल."

मग त्यांनी विचारलं, धरणात पाणी किती आहे. मी सांगितलं.

त्या "आन् मग"च्या पुढे काय होतं, ते मला कळलं नाही. पोर गेलं हे उघड होतं, पण त्यांना तेवढंच सांगायचं नव्हतं. जन्मभर त्यांनी गावाचं ऐकलं आणि स्वतःचं सांगायला मला निवडलं. मी एका वाक्यात त्यांना निर्दोष सोडलं, कारण मला तिथून सुटायचं होतं. नंतर तीन-चारदा मी विषय काढला. ते म्हणायचे, "राहू दे, तम्मा." पंधरा दिवसांनी ते गेले.

ते लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. अण्णांना खड्ड्यात मांडी घालून बसवलं. मठाच्या स्वामींनी अंगाभोवती बेलाची पानं आणि विभूती घातली. मान डावीकडे कलत होती, ती कुणीतरी सरळ केली. मग माती पडू लागली. ती मांडीवर आली, छातीपर्यंत आली. ओठ किंचित उघडे राहिले होते. आडवा ठेवलेला माणूस संपल्यासारखा दिसतो. बसलेला तसा दिसत नाही. मी काठावर मूठभर माती घेऊन उभा होतो.

"टाका की मास्तर," मागचा माणूस म्हणाला, "लोक खोळंबलेत."

माती खांद्यांपर्यंत आली होती. मी मूठ उघडली.