मागचे पाय नसलेली खुर्ची

भाऊबीजेनंतरच्या सोमवारी पनवेलच्या आमच्या वाचनालयातून एक खुर्ची मुंबईच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी उसनी गेली. संक्रांतीच्या सुमारास प्रदर्शन संपले. आता होळीही उलटली. खुर्ची परत आलेली नाही. यास जबाबदार व्यक्ती तीन: संग्रहालयाचे प्रदर्शन-अधिकारी, आमच्या वाचनालयाचे चिटणीस आणि ती खुर्ची घडवणारे कै. खरवडमास्तर. पहिल्या दोघांना मी पत्रे धाडली आहेत. तिसऱ्यांविरुद्धचा पुरावा वकिलीच्या सवयीने येथे मांडतो.

मास्तर हायस्कुलात चित्रकला शिकवीत. आडनाव निराळे होते. पण कोटाच्या खिशात रुमालाऐवजी पॉलिशपेपर बाळगणाऱ्या माणसाला गावाने दुसरे काय म्हणावे? जर्मनीत एके काळी एक शाळा होती. तेथे सुतार, विणकर, चित्रकार आणि घरे बांधणारे एकाच छपराखाली शिकत आणि वस्तूवर विनाकारण नक्षी काढणे पाप समजत. पुढे तिथल्या राज्यकर्त्यांनी ती बंद पाडली. मास्तरांनी तरुणपणी एका जुन्या मासिकात तिची चित्रे पाहिली होती. तेवढ्या पुंजीवर त्यांनी पनवेलच्या उद्धाराचे काम हाती घेतले.

माझ्या फाटकावर लाकडी मोर होता. पहिल्याच भेटीत मास्तरांनी विचारले, "हा कशासाठी?"

"शोभेसाठी."

"मग खरा पाळा. निदान साप तरी खाईल."

त्यांचा विशेष राग नावांवर. आमच्या गावात दान दिलेली वस्तू नावाशिवाय राहत नाही. वाचनालयाच्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असे रंगवलेले असल्यामुळे वर्तमानपत्र वाचणारा प्रत्येक जण कोणा ना कोणा मयताला टेकून बसलेला असे. "वस्तूने आपले काम सांगावे, दात्याचे नाव नव्हे," असे म्हणत मास्तर बोलता बोलता पॉलिशपेपर काढीत. लग्नात आलेल्या भांड्यांवरही नावे असल्याने आमची मंडळी त्यांना लांबूनच पाहून म्हणत, "मास्तर आले. तांबे आत घ्या."

अखेर त्यांनी स्वतःच एक खुर्ची वाचनालयास द्यायचे ठरवले. सायकलवाल्या पांडूशेठकडून लोखंडी नळी वाकवून घेतली, बसण्या-टेकण्यास खाटेची नवार ताणली. नवारीवर नाव रंगवता येत नाही, हा त्यातला हेतू. पांडूशेठने मात्र काम मध्येच थांबवले.

"मास्तर, याला मागचं पाय नाय. मानूस पडंल."

"पडला तर उठेल. तुम्ही वाकवा."

"आमी वाकवतो. पन पयला तुमचा वकील बसंल, आमी नाय."

मी भरदार देहाचा असल्याने पुरावा म्हणून मला बसवण्यात आले. इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे मी आधी चारचौघांत वदवून घेतले. खुर्ची किंचित झुलली आणि थांबली. त्या दिवशी मी अग्रलेखांपासून बाजारभावांपर्यंत सारे वाचूनच उठलो. पुढे त्या खुर्चीसाठी लोक वाचनालय उघडण्याआधीच दारात उभे राहू लागले.

आणि मग संग्रहालयाने त्या जर्मन शाळेचेच प्रदर्शन भरवायचे ठरवले. कर्नाळ्याला निघालेले अधिकारी पाणी प्यायला वाचनालयात थांबले, खुर्ची पाहून थबकले आणि ती कोणाची म्हणून विचारू लागले. मास्तर तेव्हा शाळेत. चिटणीस नवे, अलीकडेच गावात राहायला आलेले. त्यांनी खुर्ची उलटीपालटी करून पाहिली आणि सांगितले, "नाव नाही, म्हणजे या गावची नव्हे. परदेशी असावी."

आम्ही दोघे एस.टी.ने प्रदर्शन पाहावयास गेलो. खुर्ची चौथऱ्यावर, भोवती दोरी, खाली पाटी: 'परदेशी बनावट. कर्ता अज्ञात.' माझा संताप अनावर झाला. मास्तर मात्र खुदकन हसले.

"वकीलसाहेब, गप्प राहा. इतकी शाबासकी मला एकाही तपासनिसाने दिलेली नाही."

मी ऐकले नाही. नावाच्या दुरुस्तीसाठी पत्रांमागून पत्रे लिहिली. उत्तर एकाचेही नाही.

माघात मास्तर अंथरुणास खिळले. मी पुढच्या पत्राचा मसुदा वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटूनच विचारले, "दोरी आहे का अजून?"

"आहे. प्रदर्शन संपले, तरी खुर्ची अजून चौथऱ्यावरच आहे."

"कोणी बसत नाही?"

"नियम आहे."

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "म्हणजे शोभेची झाली. नावासाठी भांडू नका हो. दोरी सोडवा."

त्यानंतर चारच दिवसांत ते गेले.

तेव्हा मयताच्या इच्छेस मान देऊन नावाबाबतची माझी मागणी मी येथे मागे घेतो. पाटीवर काय लिहायचे ते लिहा. पण प्रदर्शन-अधिकाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्यांनी खाजगी पत्राने न देता जाहीरपणे, स्वतःच्या सहीने द्यावे: बसण्यासाठी केलेल्या खुर्चीवर माणसाला बसू न देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, आणि ती वाचनालयाच्या खिडकीपाशी कोणत्या दिवशी परत येणार?