घोरणाऱ्याची बंडी

विलीनीकरणानंतर कोर्टाची भाषा बदलली, शिक्के बदलले, साहेबही बदलले. माझं घोरणं तेवढं निजामाच्या राज्यातून नव्या राज्यात जसंच्या तसं आलं.

उन्हाळ्यात आमची गल्ली घरांच्या सपाट मातीच्या छतांवर, माळवदावर झोपायची. माळवदं एकमेकांना लागलेली, त्यामुळं माझं घोरणं सार्वजनिक होतं. त्याची गल्लीला सवय झाली होती. खरी पंचाईत दिवसाची होती. धाराशिवच्या मुन्सिफ कोर्टात मी पेशकार, साहेबांपुढं खटल्याचे कागद ठेवणारा कारकून. रात्रभर झोपूनही दुपारी डोळे मिटायचे. एकदा साक्ष चालू असतानाच मी घोरलो. साक्षीदार बोलायचा थांबला. मुन्सिफसाहेब म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मला वर लिहावं लागेल." सगळं घर त्या नोकरीवर जेवत होतं.

मग इलाज सुरू झाले. वैद्यबुवांनी नाडी धरली, कफ सांगितला आणि सुंठीचा काढा दिला. हकीमसाहेबांनीही नाडीच धरली, बलगम सांगितला आणि जोशांदा दिला. या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं ते कशावरून, हे मला कधी कळलं नाही. दोन्ही काढे सारखेच कडू होते आणि घोरणं कायम होतं.

शेवटी सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर नवे होते आणि शास्त्राला धरून होते. म्हणाले, "घोरणं ऐकल्याशिवाय निदान नाही. झोपा." मी टेबलावर आडवा झालो. डॉक्टर, नर्स आणि कंपाउंडर भोवती उभे राहिले. इतक्या इतमामानं मला कुणी कधी झोपवलं नव्हतं. झोप अर्थातच आली नाही. त्यांनी घशात बॅटरी मारून पाहिली. "टॉन्सिल असतील. बाहेर बसा, चिठ्ठी देतो."

बाहेर बाकावर टेकलो आणि लगेच डोळा लागला. जाग आली तेव्हा कंपाउंडर औषधांच्या खोलीला कुलूप लावत होता.

"मी घोरत होतो का हो?"

"व्हय तर! वार्डातले पेशंट उठून बसले."

"मग डॉक्टरांना सांगायचं!"

"सांगायचं काय? तुमच्या म्होरूनच गेले की ते. बूट न वाजवता. म्हनले, लई दमलाय बिचारा, उठवू नका."

घरी आल्यावर चिडून हे सगळं सांगितलं. बायको ताक घुसळत होती. रवी न थांबवता म्हणाली, "अहो, झोपता तुम्ही, जागते मी. मला विचारलं का कुणी? उताणे झोपलात की मधेच तुमचा श्वास थांबतो. मी उठून बसते. मग मोठ्यांदा श्वास ओढता अन् घोरणं पुन्हा सुरू. कुशीवर असलात की पुष्कळ बरं असतं."

तिनं पोराचा आर मोडलेला भोवरा घेतला आणि माझ्या बंडीच्या पाठीत शिवून टाकला. उताणा झालो की तो टोचायचा, मी कुशीवर वळायचो, वळल्यावर जागा व्हायचो आणि तिलाच बोलायचो.

एकदा सकाळी घाईत तीच बंडी कोटाखाली राहिली. कोर्टात खुर्चीला टेकलो की भोवरा टोचे. दिवसभर ताठ बसलो आणि एकदाही पेंगलो नाही. मुन्सिफसाहेब खूश झाले. "डॉक्टरांच्या हाताला गुण आहे बरं का," असं त्यांनी वकिलांनाही ऐकवलं. वर लिहायचं टळलं. त्यांना बंडी काढून दाखवणं शक्य नव्हतं.

तेव्हापासून ती बंडी मी कोर्टात घालू लागलो. रात्री काढून ठेवायचो, कारण तिच्यामुळं झोपमोड होते. नोकरी टिकली. बायको मात्र माळवदावर माझा श्वास ऐकत तशीच जागी राहायची.