मोजणीचा बुधवार

मिशिगनच्या पार उत्तरेला, खाण बंद पडल्यावर ओस पडत चाललेल्या एका गावात सरकारी मिडल स्कूलचं ऑफिस आयली हुहताला सत्तावीस वर्षं सांभाळत होती. मुख्याध्यापक आले नि गेले. ही बाई जागची हलली नाही.

ऑक्टोबरातला पहिला बुधवार म्हणजे मोजणीचा दिवस. त्या दिवशी पटावरची जेवढी पोरं हजर, तेवढंच सरकारी अनुदान. म्हणून शाळा डोनट वाटायची, आणि एरवी दांड्या मारणारी कार्टीही सकाळी सकाळी हजर व्हायची. यंदा शाळा-मंडळानं बजावलं होतं, नव्वदच्या खाली गेलात तर कुलूप. पोरं चाळीस मैलांवरच्या शाळेत जातील.

आयलीनं आठवडाभर घरोघरी फोन करून लोकांचा जीव काढला. मंगळवारी आकडा एकोणनव्वदवर अडकला. विचारायचं एकच घर उरलं होतं, तिच्या लेकीचं. मार्सीनं ऑगस्टमध्येच आपल्या मुलीला, ब्रिनला, शेजारच्या गावच्या शाळेत घातलं होतं. शेवटी लाज गुंडाळून ठेवून आयलीनं फोन लावला.

"ब्रिनचं नाव परत इकडे घाल गं. शाळा जाईल माझी."

"आई, गणितात शंभरातली अठराच पास होतात, हे मला कोणी सांगितलं? दर वर्षी निकाल आला की जेवताना तुझं हेच रडगाणं."

"अगं, ते घरातलं बोलणं होतं."

"माझी पोरगीही घरातलीच आहे."

निकाल सगळ्यांच्या आधी आयलीच्या टेबलावर यायचे, आणि मन मोकळं करायला लेकीशिवाय होतं कोण? मेली जीभ आवरली असती तर!

बुधवारी एक खोटं नाव घुसडणं काही अवघड नव्हतं. पट तिच्याच हातात होता. तिनं एकोणनव्वदच लिहिले.

पुढच्या सोमवारी मंडळाची सभा भरली. इतिवृत्त लिहायला नेहमीप्रमाणे आयलीच. अध्यक्ष डेल रुओना, लहानपणी याच शाळेत तिच्या शेजारी एकाच बाकावर बसलेला, म्हणाला, "एका पोरासाठी हळहळू नका. खुद्द ऑफिसातल्या बाईंची नात इथं टिकली नाही, मग बाकीच्यांनी का टिकावं?"

कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. ते तिला जास्त लागलं.

"हे लिहून घ्यायचं का, डेल?"

"घे की."

तिनं घेतलं, शब्द न् शब्द.