चीक शिजवलेल्या बाया

उन्हाळ्यात चुलीवर कुरडयांचा चीक शिजायला लागला की त्या वासानं मी पुन्हा पिंगळीजवळच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन उभी राहते. तिथं आम्ही बाया पुठ्ठ्याची खोकी हातानं चिकटवायचो. हातानं काम उरकेना, गिऱ्हाईक शहराकडं वळायला लागलं, म्हणून मालकानं कागदाचे थर पिठाच्या खळीनं चिकटवून, गरम रुळांवर पुठ्ठा करणारं मशीन आणलं. गाव म्हणालं, आता ह्या बाया घरी बसणार. मशीनबरोबर आलेल्या शहरातल्या ऑपरेटरनं तर पहिल्याच दिवशी माझ्या हातात झाडू दिला. पण चार दिवस झाले तरी खोकी टिकेनात; उचलली की पुठ्ठ्याचे थर सुटायचे. मालक मशीन परत पाठवायचं बोलायला लागला, म्हणजे शेडला कुलूपच. मी झाडू भिंतीला टेकवला आणि सुटलेल्या थरावर बोट फिरवलं. पांढरी भुकटी लागली. चीक नीट शिजला की काचेसारखा दिसतो, कच्चा राहिला की असा पांढरा. "खळ कच्ची राहायलीय," मी म्हणाले, "मशीन लय पळवायलात तुमी. हळू चालवा, शिजू द्या तिला." ऑपरेटर हसला. "मावशी, हा कारखाना आहे, तुमच्या कुरडया नाहीत." "मग तुमचं खोकं का सुटायलंय?" मालकानंच पुढं होऊन वेग कमी केला. नवा पुठ्ठा निघाला, तो वाळल्यावर मी ऑपरेटरच्या हातात दिला. "सोडवा आता थर." त्यानं जोर लावून ओढलं, कागद फाटला, पण चिकटलेलं सुटलं नाही. आज तिथं दोन पाळ्यांत आसपासच्या गावच्या बाया मशीन चालवतात, आणि शहरातून कुणी आम्हाला शिकवायला आला की मी त्याला आधी विचारते, "साहेब, कधी चीक शिजवलाय का?"