मेयरांच्या शेजारची खुर्ची

मेयर गेल्याचं मरितेसनं मला स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सांगितलं. हॉस्पिटलमधली ड्युटी संपवून ती नुकतीच आली होती, अंगावर नर्सचा गणवेश तसाच होता. मेयर म्हणजे तिचे वडील, महिन्यापूर्वी फिलिपिन्सला, आपल्या शहरात गेले होते; तिथेच झोपेत गेले. "तू ठीक आहेस ना?" मी विचारलं. "ग्रँड," ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही टेबलाकडे पाहू लागलो... इथे 'ठीक आहे' म्हणायला सगळे हाच शब्द वापरतात, आणि त्यावर मेयर फार चिडायचे.

सहा आठवडे झाले. त्यांच्याविषयी मी लिहावं इतकी आमची ओळख होती का, मला अजून नीट सांगता येत नाही. मास्टर्ससाठी परदेशात, डंडॉकला आलो तेव्हा मरितेसच्या घरात भाड्यानं खोली मिळाली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. "हे माझे बाबा, आमच्या शहराचे तीनदा मेयर होते," तिनं ओळख करून दिली आणि मी सवयीनं पाया पडायला वाकलो. त्याच क्षणी त्यांनी हात पुढे केला, तो माझ्या कपाळावर आपटला. त्यांच्याकडे थोरांचा हात कपाळाला लावतात. मी तेच करतोय असं त्यांना वाटलं. "बघ, याला घरच्यांनी शिकवलंय," ते मुलीला म्हणाले, "तुझी पोरं नुसती हाय म्हणतात!" त्यानंतर रोज सकाळी आमचा हाच नमस्कार.

माझे वडील नगरपालिकेत व्हॉल्व्हमन आहेत, गावाला पाणी सोडतात. फोनवर हे ऐकून ते गडबडलेच. "नगराध्यक्षांच्या घरात राहतोस? त्यांच्यापुढं खुर्चीत बसत जाऊ नको रे." इकडे मेयर बसल्याशिवाय बोलू देत नसत. स्वतः टेबलाशी बसले की शेजारची खुर्ची पायानं थोडी बाहेर ओढून ठेवायचे. मेयरच्या कचेरीतही म्हणे त्यांची हीच पद्धत. "समोर बसलेला माणूस अर्ज देतो," ते म्हणायचे, "शेजारी बसलेला बोलतो."

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी कसा आहेस विचारलं. मी म्हटलं, ग्रँड. "या देशात सगळेच ग्रँड असतात. बस, इहो." इहो म्हणजे बाळा. मी बसलो... आणि सांगून टाकलं, की एका विषयात नापास झालोय, आणि वडिलांना सांगितलेलं नाही. वडील माझ्या शिक्षणाबद्दल साऱ्या कचेरीत सांगत फिरतात.

त्यांनी समजूत घातली नाही, स्वतःचीच गोष्ट सांगितली. राजकारणात येण्याआधीपासून त्यांचा बर्फाचा कारखाना होता. मेयर झाल्यावर त्यांनी बंदरावरचा मासळीबाजार टेकडीवरच्या नव्या इमारतीत हलवला. कारखान्याच्या अगदी जवळ.

"स्वतःच्या फायद्यासाठी?" मी चाचरत विचारलं.

"हो. बर्फ जवळ मिळेल, विकणाऱ्यांचीही सोय होईल, असं मी सांगायचो. तेही खरंच होतं. पण पहिलं कारण मी कधी तोंडातून काढलं नाही. मासळी विकणाऱ्या बायका टोपल्या घेऊन टेकडी चढत राहिल्या, आणि त्यांच्यापैकी एकीलाही मी शेजारी बसवलं नाही. शेवटी विरोधकांनी ते कारण प्रचारसभेत माइकवरून सांगितलं." ती निवडणूक ते हरले. त्यानंतर कधी उभे राहिले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "तुझ्या वडिलांना हे कुणाकडून कळावं?"

"माझ्याकडूनच. सांगतो मी."

ते फिलिपिन्सला निघाले त्या सकाळी मी त्यांचा हात कपाळाला लावला. "सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "सांगतो," मी म्हटलं. ते हसले. "हे उत्तर मी फार वर्षं दिलं, इहो."

ते चांगले होते की वाईट, हे मला ठरवता येत नाही. मी त्यांचं शहर पाहिलेलं नाही, त्या बायकांनाही भेटलेलो नाही. पण गेल्या रविवारी दुपारी स्वयंपाकघरात आलो, तर कुणीतरी साफसफाई करताना दोन्ही खुर्च्या टेबलाखाली सारून ठेवल्या होत्या. शेजारची मी पायानं बाहेर ओढली, बसलो आणि घरी फोन लावला. बाबांना सगळं सांगितलं. 

"उभा आहेस का बसलायस?" त्यांनी विचारलं.

"बसलोय... मेयरांच्या शेजारच्या खुर्चीत."



"बस मग," ते म्हणाले. "नीट बस. आणि सांग, कुठला विषय राहिला?"